चार नंबरच्या घराचं मूल्यमापन

४ ऑक्टोबर २००९, रविवार. सकाळ

आजपासून रोज लिहायचं. नियम तीन. खरं लिहायचं, थोडक्यात लिहायचं, बायकोबद्दल, म्हणजे सनिय्याबद्दल, कमी लिहायचं.

गिरणीने मला वेळेआधी पेन्शनीत काढलं त्याला सात महिने झाले. गोदामाचा साठा माझ्याइतका चोख कुणी ठेवला नाही. निरोपाला भिंतीवरचं घड्याळ दिलं, तेही बंद. असो, कडवटपणा नको.

नवी सुरुवात. उत्पन्न देणाऱ्या इमारतींचं मूल्यमापन, सहा महिन्यांचा संध्याकाळचा कोर्स. आठवड्यातून दोनदा. फी भरली. सनिय्या म्हणाली, स्वयंपाकघराचं छत पडायला आलंय, त्यासाठी ठेवले होते ते पैसे. मी म्हणालो, छत पडलं तर त्याची किंमत किती हे सांगणारा माणूस तरी घरात असेल. ती छताकडे बघत आत गेली. म्हणजे पटलं.

७ ऑक्टोबर, बुधवार

पहिला वर्ग. पहिल्या बाकावर बसलो. बाकी सगळी इंजिनियर पोरं, माझ्या निम्म्या वयाची. एकाने मला शिपाई समजून खडू मागितला.

डॉ. वहीद शिकवतात. म्हणाले, भाड्याची इमारत म्हणजे गाय. गाय दिसते कशी हे बघू नका, दूध किती देते ते बघा. वर्षाचं निव्वळ उत्पन्न घ्या, परताव्याच्या दराने भागा, झाली किंमत. इतकं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. अर्ध्या तासात सगळं कळलं. उरलेले सहा महिने बाकीच्यांसाठी असावेत.

१३ ऑक्टोबर, मंगळवार

सराव केला. कोपऱ्यावरच्या कॉफीहाउसात तीन तास बसून चहाचे कप मोजले, हुक्के मोजले, खुर्च्या मोजल्या. मालकाला म्हणालो, तुझं दुकान एक लाख दहा हजारांचं आहे. त्याने विचारलं, तू कर खात्यातला का? नाही म्हटल्यावर म्हणाला, मग तीन तासांत एकच चहा प्यायलास, ऊठ, माझं उत्पन्न तुझ्यामुळे बुडतंय.

अडाणी लोकांना व्यावसायिक सल्ला फुकट द्यायचा नाही. ठराव.

२० ऑक्टोबर, मंगळवार

मोठी बातमी. मादाम इनायातने वर बोलावलं.

मादाम आमची घरमालकीण. अठ्ठ्याहत्तर वय, गुडघे गेलेले, सर्वात वरच्या मजल्यावर एकटी. लिफ्ट १९८६ पासून बंद, त्यामुळे ती खाली येत नाही, बाजारासाठी दोरीने टोपली सोडते. हाज्ज बयूमी नावाचा बिल्डर बिल्डिंग मागतोय, अठ्ठावीस लाख पौंड देतो म्हणतो. तिला विकून कैरोला बहिणीकडे जायचंय. म्हणाली, शुक्री बाळा, तू शिकतोयस म्हणे. हा माणूस मला फसवतोय का तेवढं सांग.

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी माझं मत विचारलं. जिने उतरताना पाय जमिनीला लागत नव्हते.

सनिय्याला सांगितलं तर तिने हातातली भेंडी खाली ठेवली. म्हणाली, तू नाही म्हणून सांग. अख्ख्या इब्राहिमिय्या मोहल्ल्यात बाकी कुणाचीही बिल्डिंग मोज, ही नको. मग तेच जुनं पुराण. करार आईच्या नावाने. आई वारली मार्च २००३ मध्ये. तेव्हा आपण कुवेतमध्ये, तू गिरणीतून बिनपगारी सुटीवर. कायद्याने घर मिळतं ते मेलेल्या भाडेकरूबरोबर जो राहत होता त्याला. आपण तीन महिन्यांनी येऊन बसलो. भाड्याची पावती अजून तुझ्या आईच्या नावाने फाटते, मेलेली बाई दरमहा अकरा पौंड भरते, आणि कुणी विचारत नाही म्हणून आपल्या डोक्यावर छप्पर आहे. तू तिथे वही घेऊन जाऊ नकोस, हात दाखवून अवलक्षण होईल.

बायकांना धंद्यातलं कळत नाही. मी घराची किंमत काढणार आहे, घर नाही.

२४ ऑक्टोबर, शनिवार

किंमत काढली. एका सकाळीत.

दहा फ्लॅट. भाडी १९६२ साली ठरली तीच, जुना कायदा. आठ पौंडांपासून सतरापर्यंत. सगळी मिळून महिन्याला एकशे चोवीस. वर्षाचे चौदाशे अठ्ठ्याऐंशी. त्यातून जिन्याचे बल्ब आणि पाण्याची मोटर वजा. राहिले अकराशे. दहा टक्क्यांनी भागलं.

बिल्डिंगची किंमत: अकरा हजार पौंड.

तीनदा तपासलं. बरोबर. म्हणजे हाज्ज बयूमी ठार वेडा आहे. धावत वर गेलो, मादामला म्हणालो, उद्या सकाळी सही करा, त्याला शुद्ध येण्याआधी. मादामने माझी वही उलटीसुलटी करून बघितली. म्हणाली, बाळा, अकरा हजारांत तर माझ्या खिडक्यासुद्धा येणार नाहीत. मी म्हणालो, मादाम, भावना वेगळ्या आणि शास्त्र वेगळं.

२८ ऑक्टोबर, बुधवार

आकडा वर्गात वाचून दाखवला. समुद्रापासून दोन गल्ल्यांवर पाच मजली इमारत, अकरा हजार. इंजिनियर पोरं बाकांवर डोकी आपटून हसली. एकजण म्हणाला, काका, मला दोन द्या.

डॉ. वहीद हसले नाहीत, पण रुमाल तोंडाला लावला. म्हणाले, उस्ताज शुक्री, जुन्या कायद्याच्या इमारतीत भाडं म्हणजे काहीच नाही. किंमत असते ती रिकाम्या घराची. कुठलं घर कधी रिकामं होणार, कुठल्या कराराला वारस आहे, कुठल्याला नाही, ते शोधा. इथे तुम्ही भिंती मोजत नसता, माणसं मोजता.

हे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगायला हवं होतं. चूक शिकवणाऱ्याची.

३ नोव्हेंबर, मंगळवार

नवी पद्धत. दहा फ्लॅटचा तक्ता केला. रकाने: भाडेकरूचं वय, तब्येत, सोबत राहणारी मुलं, अंदाजे वर्षं.

सहा नंबरला अब्ला फिक्रिय्या. निवृत्त शाळामास्तरीण, एकटी. दार उघडलं, प्रेमाने बसवलं, बडीशेपेचा काढा दिला. मी वय विचारलं. साखर विचारली. मग, झोपेत श्वास अडकतो का, असं विचारलं. ती म्हणाली, तू डॉक्टर कधी झालास? मी म्हणालो, डॉक्टर नाही अब्ला, तुमच्यानंतर हे घर किती लवकर मोकळं होईल एवढंच बघतोय, गैरसमज नको. तिने काढ्याचा कप माझ्या हातातून काढून घेतला.

माझ्या तक्त्यात तिच्यापुढे मी सहा वर्षं लिहिली. आधी आठ लिहिणार होतो.

९ नोव्हेंबर, सोमवार

बिल्डिंगीत मला अजराईलचा कारकून म्हणतात. दरवान अम्म दरदीरीने सांगितलं, तेही हसू दाबत. प्राण न्यायला येणाऱ्या फरिश्त्याच्या हापिसात मी म्हणे नोंदी ठेवतो. नऊ नंबरच्या नेव्हीवाल्या म्हाताऱ्याने मला जिन्यात बघून मुद्दाम दोन पायऱ्या एकदम चढून दाखवल्या, आणि मग कठड्याला धरून पाच मिनिटं उभा राहिला. मी वही काढून ते लिहून घेतलं.

मोजमापही केलं. तळमजल्यावर इस्त्रीवाल्याचं दुकान आहे, तेही धरलं, त्याचं भाडं चांगलं येईल. दरदीरी म्हणाला, उस्ताज, ते दुकान शेजारच्या बिल्डिंगीचं आहे. चाळीस वर्षं दारात बसलेल्या माणसाला वाटतं त्याला सगळं कळतं. टेप माझ्या हातात होती.

१७ नोव्हेंबर, मंगळवार

मक्नसाचं वादळ, दर नोव्हेंबरात येतं ते. समुद्र कॉर्निशवर, किनाऱ्याच्या रस्त्यावर आलाय, वर्ग रद्द. स्वयंपाकघरात तीन पातेली ठेवलीत.

मादामने करारांची जुनी फाइल दिली. नऊ करारांना वारस आहेत किंवा म्हातारे जिवंत आहेत. एकही घर आज रिकामं नाही. एक जरी रिकामं निघालं तर रिपोर्टचा आकडा कुठल्या कुठे जातो. डॉ. वहीद म्हणाले होते, एखादा मेलेला करार सापडला की मूल्यमापन करणाऱ्याची ईद.

मग चार नंबर उघडला.

आईची सही. सरकारी दवाखान्यातल्या नर्सची गोल, ठसठशीत सही. मी ती सही शाळेच्या प्रगतिपुस्तकावर नंतर कितीतरी वेळा बघितली आहे. थोडा वेळ फाइल मिटून ठेवली.

पुस्तकातलं पान तेवीस: मूल्यमापन करणारा काहीही लपवत नाही, स्वतःचं हित असलं तरी नाही. हे वाक्य मी पहिल्याच आठवड्यात अधोरेखित केलं होतं. इंजिनियर पोरांपैकी कुणाची छाती झाली असती? आज दाखवायची वेळ.

लिहिलं: फ्लॅट क्र. ४. मूळ भाडेकरू हाज्जा तौहीदा, मृत्यू मार्च २००३. मृत्यूसमयी सोबत राहणारा वारस नाही. सध्याचे रहिवासी हक्काशिवाय. फ्लॅट रिकामा समजावा.

बिल्डिंगची किंमत: एक्केचाळीस लाख.

सनिय्या बाहेर पातेलं रिकामं करत होती. काय लिहितोयस विचारलं. म्हणालो, आकडे.

२७ नोव्हेंबर, शुक्रवार. बकरी ईद

दरवर्षी मटणाच्या सहा पिशव्या येतात. यंदा एक. दरदीरीने दिली, तीही त्याला कुणीतरी दिलेल्यातली. अब्ला फिक्रिय्याने सनिय्याला जिन्यात सांगितलं म्हणे, अजून सहा वर्षं आहेत, घाई कशाला.

तिला आकडा कसा कळला? तक्ता मी दरवानाच्या बाकावर विसरलो होतो, पण एक तासच.

५ डिसेंबर, शनिवार

रिपोर्ट पूर्ण. चौतीस पानं, निळं कव्हर, प्रत्येक पानावर माझी सही आणि मी करून घेतलेला शिक्का. शिक्क्यावर 'तज्ज्ञ' लिहून घेतलंय. कोर्स अजून संपला नाही, पण शिक्का रोज रोज कोण करून घेणार.

मादामने भिंग घेऊन सगळं वाचलं. दोन तास. सतराव्या पानावर थांबली. भिंग खाली ठेवलं, पुन्हा उचललं. म्हणाली, शुक्री, हे पान असायलाच हवं का?

मी म्हणालो, मादाम, तत्त्वाचा प्रश्न आहे.

ती म्हणाली, मी हे पान फाडते आणि आपण दोघं विसरून जातो.

मी म्हणालो, पान फाडलं तर पानांचे क्रमांक चुकतील आणि बेरीजही. त्यावर ती उठली. रिपोर्ट कपाटात ठेवून किल्ली लावली आणि किल्ली गळ्यातल्या साखळीला अडकवली. माझ्या कामाला पहिल्यांदा कुणीतरी कुलपात ठेवण्याच्या लायकीचं समजलं.

८ डिसेंबर, मंगळवार

विचार केला, कुलपात ठेवून माझं नाव कसं होणार? झेरॉक्स काढली आणि हाज्ज बयूमीच्या ऑफिसात स्वतः नेऊन दिली. मोठ्या बिल्डरला दर महिन्याला मूल्यमापनं लागतात.

सनिय्याला सांगितलं नाही. तिला धंद्याची वाढ एकदमच कळलेली बरी.

१९ डिसेंबर, शनिवार

यश.

हाज्ज बयूमीने स्वतः फोन करून बोलावलं. कॉफी, वर गोड बसबूसाचा तुकडा. मला डॉक्टर म्हणाला. सलग चार वेळा. रिपोर्टमध्ये पिवळ्या चिठ्ठ्या लावल्या होत्या, म्हणजे सगळा वाचलाय. म्हणाला, डॉक्टर, इतकी वर्षं धंद्यात आहे, असं स्वच्छ लिहिणारा माणूस बघितला नाही. आकड्यांचं सोडा, पण हे सतरावं पान. हे कागदोपत्री पक्कं आहे ना? म्हणालो, माझी सही आहे. त्याने विचारलं, आणि तिथे राहतं कोण?

म्हणालो, मी.

तो उभा राहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, देशाला अशा माणसांची गरज आहे.

ट्रामने घरी येताना तिकीट काढायचं विसरलो, इतका आनंद.

१४ जानेवारी २०१०, गुरुवार

विक्री झाली. तीस लाख. मादाम पुढच्या महिन्यात कैरोला जाते. बयूमीने नव्या कामाचा फोन केला नाही. व्यस्त असणार. मीच केला तर हलकं दिसेल. तीनदा केला.

२ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी अकराला कोर्टाचा बेलीफ. नोटीस. घर क्र. ४ विनाहक्क वापरात असल्याने खाली करून द्यावं. पुरावा: मूल्यमापन अहवाल, पान सतरा, तज्ज्ञाच्या सही-शिक्क्यानिशी.

सनिय्याने वाचली. मग पुन्हा वाचली. सही माझी आहे का एवढंच विचारलं. मी तिला निष्पक्षपणाबद्दल सांगायला लागलो. पुस्तक आणायला आत गेलो, पान तेवीस दाखवायला. परत आलो तेव्हा ती खुर्चीवर बसून रडत होती, आवाज न करता. सत्तावीस वर्षांत तिला असं रडताना मी बघितलं नव्हतं. पुस्तक मागे लपवलं.

४ फेब्रुवारी, गुरुवार

मादामकडे गेलो. सामान बांधलं होतं. म्हणालो, तिने साक्ष द्यावी, आईच्या शेवटच्या दिवसांत मी घरातच होतो म्हणून. साधी गोष्ट.

म्हणाली, शुक्री, तुझ्या आईला शेवटचा महिना चमच्याने सूप पाजलं ते मी. हे गुडघे तेव्हा चालत होते, रोज चार जिने उतरायचे. अंघोळ घातली अब्ला फिक्रिय्याने. तू होतास का नव्हतास हे मला सांगतोस? सगळ्या बिल्डिंगला माहीत होतं. दरदीरीला माहीत होतं. तू दफनविधीनंतर तीन महिन्यांनी बॅगा घेऊन आलास तेव्हा मी पावती फाडली आणि तिच्याच नावाने फाडली. तौहीदाचा मुलगा रस्त्यावर नको म्हणून. सात वर्षं. झाकली मूठ सव्वा लाखाची होती. आम्ही सगळ्यांनी मिळून झाकली होती, आणि तू चौतीस पानं लिहून उघडलीस.

मी म्हणालो, कुवेतच्या कंपनीने रजा दिली नव्हती.

ती म्हणाली, आईने दहा पत्रं लिहून घेतली होती माझ्याकडून. रजा मागितली होतीस का?

रिपोर्टशी या प्रश्नाचा काही संबंध नव्हता. मी खाली आलो.

१० फेब्रुवारी, बुधवार

वकील केला. मेत्र जाबिर, सनिय्याच्या मावसभावाच्या ओळखीचा. माझा रिपोर्ट वाचताना दोनदा चष्मा पुसला. म्हणाला, अहो, लोक स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात, तुम्ही त्याला बाइंडिंग करून शिक्का मारलात.

एकच वाट आहे म्हणाला. रिपोर्ट कचरा आहे असं सिद्ध करायचं. लिहिणाऱ्याला मूल्यमापनातलं ओ की ठो कळत नाही, शिक्का बनावट, आकडे मनाचे. कोर्टात तुम्ही स्वतः सांगायचं, मी अर्धवट शिकलेला, काहीही खरडलं. मग सतरावं पानही कचरा.

म्हणालो, विचार करून सांगतो. सनिय्या म्हणाली, तो सांगेल. उद्याच सांगेल.

सांगेन. फक्त 'कचरा' शब्दाऐवजी दुसरा काही बघायला सांगितलंय.

२१ एप्रिल, बुधवार

परीक्षेचा निकाल. शंभरात अडतीस. नापास.

मेत्र जाबिर फोनवर इतका खूश झाला की मला वाटलं चुकीच्या माणसाला फोन लागला. म्हणाला, सोन्यासारखा पुरावा, गुणपत्रिका उद्याच दाखल करतो.

पण अडतीस अन्यायाचे आहेत. तिसऱ्या प्रश्नात मला नक्की जास्त मिळायला हवे होते. फेरतपासणीचा अर्ज केला.

२९ एप्रिल, गुरुवार

फेरतपासणीची बातमी मेत्र जाबिरला कळली. फोनवर जे बोलला ते लिहीत नाही. अर्ज मागे घेतला. सनिय्या माझ्याशी मिठापुरतं बोलते. म्हणजे, मीठ दे.

(तसे तेहेतीस झाले असते. फेरतपासणीत कमी झाले होते.)

१५ जून, मंगळवार

सुनावणी. कोर्टात उकाडा. बयूमी पहिल्या रांगेत, मला बघून 'डॉक्टर' म्हणाला.

न्यायाधीशाने विचारलं, हा अहवाल तुमचा? हो. यातली माहिती बरोबर आहे का? मेत्र जाबिरने आठवडाभर वाक्य घोकून घेतलं होतं. सनिय्या मागच्या बाकावर, हातात ओढणीचं टोक नाही, रुमाल नाही, काही नाही, नुसती माझ्याकडे बघत.

तोंड उघडलं. चौतीस पानं. दोन महिने. जिने चढून उतरून मोजलेली प्रत्येक खोली. आयुष्यात मी पूर्ण केलेलं एकच काम.

तरी म्हणालो. साहेब, मला यातलं काही कळत नाही. मी गोदामात पोती मोजायचो. हे सगळं मी पुस्तकातून उतरवलं, परीक्षेत नापास झालो, शिक्का खोटा आहे.

सगळं कोर्ट हसलं. मेत्र जाबिरने माझा हात दाबला. न्यायाधीश म्हणाले, कोर्ट आपला तज्ज्ञ नेमेल, तो अहवाल तपासेल.

बाहेर आल्यावर सनिय्याने स्वतःहून उसाचा रस घेतला, दोन ग्लास. कित्येक महिन्यांनंतर पहिल्यांदा. म्हणाली, आज तू चांगलं बोललास. घरी येऊन लिहितोय. अपमान झाला, पण घर वाचलं. ठराव: पुन्हा कसलंही शिकायचं नाही.

२८ सप्टेंबर, मंगळवार

कोर्टाचा तज्ज्ञ येऊन गेला. तरुण, शांत, स्वतःची टेप. इस्त्रीवाल्याचं दुकान बघून हसला. गच्चीवर गेला, माझ्या रिपोर्टमध्ये काहीतरी शोधलं आणि पुन्हा हसला. मी मनात म्हणालो, हस, जितका हसशील तितकं बरं. त्याच्या प्रत्येक हसण्याला आमची एक एक भिंत पक्की होत होती. सनिय्याने त्याला चहा दिला, वर तिळाची बिस्किटं.

जाताना त्याने दरदीरीशी अर्धा तास गप्पा मारल्या. नंतर सहा नंबरला गेला. मी विचारलं, काय बोललात? दरदीरी म्हणाला, उस्ताज, सरकारी माणसाने कुराणावर हात ठेवायला लावला, मी काय करणार.

६ डिसेंबर, सोमवार

निकाल.

तज्ज्ञाचा अहवाल न्यायाधीशांनी मोठ्याने वाचला. मेत्र जाबिर प्रत्येक वाक्याला मान हलवत होता. इस्त्रीचं दुकान दुसऱ्या इमारतीचं. गच्ची दोनदा मोजली. जिना दर मजल्यावर खोली म्हणून धरला. बेरीज चुकली, पान अकरावर तर वजाबाकीच्या जागी बेरीज. भाडेकरूंच्या आयुर्मानाला कसलाही आधार नाही. दराचा अर्थ लिहिणाऱ्याला समजलेला दिसत नाही. एक्केचाळीस लाख हा आकडा कुठून आला हे शोधता आलं नाही. एकूण अहवाल सर्वथा निरुपयोगी.

मी माझ्या आयुष्यात स्वतःची निंदा इतक्या आनंदाने ऐकली नव्हती. सनिय्याने मागून माझ्या कोटाची बाही धरली होती.

मग त्यांनी पान उलटलं. म्हणाले, अपवाद, पान सतरा. फ्लॅट क्रमांक चारबद्दल दिलेली माहिती दरवान, शेजारी आणि पासपोर्टवरचे शिक्के यांच्याशी ताडून पाहिली. ती तंतोतंत बरोबर आहे.

सनिय्याने बाही सोडली.

कोर्टाच्या पायऱ्यांवर मेत्र जाबिर अपिलाबद्दल काहीतरी सांगत होता. सनिय्याने ऐकलं नाही. मला म्हणाली, शुक्री, अख्ख्या आयुष्यात एक गोष्ट बरोबर लिहिलीस.

चूक माझी आहे. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

ट्रामने घरी आलो, वेगवेगळ्या बाकांवर. घर एकतीस तारखेपर्यंत आमचं आहे.